महामाया सिस्टर आणि नवऱ्याच्या सहीची ओळ

आमच्या दवाखान्यात दुसऱ्या सिस्टर रिकाम्या बसलेल्या असल्या तरी म्हातारी माणसं म्हणायची, "आमी बसतो जराक वेळ. त्या बाई येऊ द्या." त्या बाई म्हणजे महामाया सिस्टर. त्यांच्या हातची सुई दुखत नाही, असा पक्का समज. खरं म्हणजे सुई तीच, सरकारी. युक्ती जिभेची होती. एकदा एक पैलवान गडी कुत्रं चावलं म्हणून आला. दंड असा की माझ्या मांडीएवढा, आणि सुई पाहून घामाघूम. सिस्टर म्हणाल्या, "पैलवान, तुमची म्हैस दोन्ही वेळचं मिळून किती देते?" गडी रंगला. सकाळचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं, मागच्या वेतातलं सांगितलं, आणि मग डोळे घट्ट मिटून म्हणाला, "टोचा आता." सिस्टर म्हणाल्या, "टोचून झालं. घरी जा, म्हैस वाट पाहून राह्यली."

मी त्या ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षं शिपाई होतो. तीस खाटा, आवारात दोन कडुनिंब, आणि एक अँब्युलन्स, जी ढकलल्याशिवाय कधी निघाली नाही. तालुका बुलडाणा जिल्ह्यातलाच, पण नाव लिहीत नाही. पुढे जी हकिकत येणार आहे तिच्यातली माणसं अजून त्याच रस्त्यानं बाजारहाट करतात. ज्या बाईची हकिकत, तिचंही नाव बदललं आहे. तिनंच सांगितलं, "पंजाबमामा, लिहा खुशाल, पण नाव दुसरं टाका." मी म्हटलं, "कोणतं टाकू?" तर म्हणे, "पुष्पांजली. मले लहानपणापासून तेच पायजे होतं." दवाखान्यात शिपायाला सारं जग मामा म्हणतं, आणि मामानं भाचीचं ऐकावं. तर पुष्पांजली.

आधी सिस्टरचं सांगतो. त्यांचं माहेर वरवट बकालच्या जवळचं एक खेडं. वडील दयाराम खामगावला जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, आठ दिवसांनी घरी यायचे. आई केसरबाई निंदणखुरपणाला जायची. मुलगी झाली तेव्हा दयारामजींनी बुद्धाच्या आईचं नाव ठेवलं, आणि नाव मोठं ठेवलं तर शिक्षणही मोठं पाहिजे म्हणून तिला नर्सिंगला धाडलं. सिस्टर पहिल्यांदा आमच्याकडे रुजू झाल्या त्याच आठवड्यात एका बुढीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. सून बाळंतपणाच्या खोलीत, आणि हिची चौकशी चाललेली.

"कोणाची वं तू?"

"सरकारची."

"सरकारची त हायेस. आडनाव काय?"

"आडनाव नातू झाल्यावर सांगीन. आता बाजूले व्हा."

नात झाली. बुढीनं आडनाव काही पुन्हा विचारलं नाही. पेढ्याचा पुडा आणला आणि पहिला पेढा सिस्टरच्याच तोंडात घातला. सिस्टर पेढा चावत मला म्हणाल्या, "मामा, माह्या आडनावापेक्षा पोरगी सुखरूप निघाली हे तिले जास्त लागलं. लोक तितके वाईट नसतात, फक्त उशिरा चांगले होतात."

पण सिस्टर गोड होत्या असं कोणी समजू नये. रागावल्या की वॉर्डातला पंखाही हळू फिरायचा. आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो पोट पाडायला आलेल्या बायांचा. "ठेवाचं नव्हतं त आधी अक्कल कोठी गेली होती?" असं तोंडावर विचारायच्या. बाई खाली मान घालायची. मग सिस्टर फॉर्म पुढे करायच्या. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: नवऱ्याची सही. सही नसली की बाई परत. "कायदा हाय," इतकंच बोलायच्या. आणि कायद्याच्या बाबतीत सिस्टर मोठ्या कडक. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला त्यांनी चपला काढायला लावून अनवाणी वॉर्डात फिरवलं होतं.

कायदा कुठे लिहिला आहे हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण तो समोरच होता, फॉर्मवर. आणि भिंतीवरही होता. ते एक वेगळंच रामायण. काही वर्षांमागे मुली वाचवायची मोहीम निघाली. सोनोग्राफीत मुलगी आहे असं पाहून गर्भ पाडायचे, ते बंद व्हावं म्हणून. मोहीम चांगलीच होती. वरून मजकूर आला, की गर्भलिंग तपासून केलेला गर्भपात हा गुन्हा आहे. पेंटर बोलावला. त्यानं अक्षरं अशी दांडगी काढायला घेतली की दोन खिडक्यांच्या मधे जागा पुरेना. मग पठ्ठ्यानं सुरुवातीचे तीन शब्द गाळले आणि उरलेलं झोकात रंगवलं: 'गर्भपात हा गुन्हा आहे.' खाली कमळ काढलं, स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आणि गेला. आम्ही रोज त्या अक्षरांखालून जात होतो. डॉक्टर जात होते, सिस्टर जात होत्या. हळूहळू तेच खरं झालं.

मनकर्णाबाई नावाची एक बाई आली होती. नवरा तिला टाकून गेलेला, कुठे आहे ते देवाला ठाऊक. सही आणणार कोणाची? सिस्टरनं परत पाठवली. आठव्या दिवशी तिला चारजणांनी उचलून आणलं. कुठल्याशा भोंदूकडून काहीतरी घेतलं होतं. अंगात आग पेटलेली, शुद्ध नाही. अँब्युलन्स ढकलून सुरू केली आणि अकोल्याला धाडली. जीव वाचला, पिशवी मात्र काढावी लागली. सिस्टर रजा टाकून दोनदा तिला पाहायला गेल्या, डब्यात भाकर आणि मुगाची आमटी घेऊन. तेव्हापासून 'अक्कल कोठी गेली होती' हे वाक्य आम्ही ऐकलं नाही. पण सही मात्र मागतच राहिल्या. म्हणायच्या, "मले मागताना बरं वाटते का मामा? पण कायद्यापुढं मी काय करू?"

पुष्पांजली आली ती मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी. तिशीच्या आतली, दोन मुली, एक सहाची, एक तीनची. तांबी बसवलेली होती, ती कधी निसटली कळलं नाही, आणि दिवस राहिले. नवरा कारभारी हार्वेस्टरवर ड्रायव्हर. गव्हाच्या हंगामाला मध्य प्रदेशात गेलेला.

सिस्टरनं विचारलं, "नवऱ्याले सांगतलं?"

"हाव. फोनवर सांगतलं. तो म्हणते तुले पाह्यजे तसं कर."

"मंग त्याले सहीले बोलाव."

"तो महिनाभर येत नाई सिस्टर. मालक सोडत नाई."

सिस्टरनी बोटांवर हिशेब केला. आठ आठवडे झालेले. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांवर काम भागतं, नंतर मोठा व्याप. म्हणजे हातात पुढचा शनिवार, त्यापुढे नाही. तरीही त्यांनी फॉर्म परत खणात ठेवला. "सही घेऊन ये बाई. मी काई करू शकत नाई."

पुष्पांजली उठली. दारात तिनं मला विचारलं, "मामा, इथून पुढं गोळी देणारा तो डॉक्टर बसते ना, फाट्यावर?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याची लाज मला अजून वाटते, पण ती चूक पुढे भरून निघाली म्हणून लिहितो.

सोमवारी आणि मंगळवारी सिस्टरला बुलडाण्याला प्रशिक्षण होतं, नेमकं याच विषयाचं. तिथं काय झालं ते सिस्टरनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मीच पहिल्या रांगेत बसलो होतो असं वाटतं. शिकवायला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळ्यांना संमतीचा कोरा फॉर्म वाटला. सिस्टरनी तो वरून खाली वाचला आणि हात वर केला.

"मॅडम, खालची एक ओळ छापाची राह्यली."

"कोणती ओळ?"

"नवऱ्याच्या सहीची."

सभागृहातल्या अर्ध्या नर्स बोलल्या, "हाव हाव, आमच्याकडंबी लागते." अर्ध्या हसल्या. डॉक्टरीणबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "बाई अठरा वर्षांची झाली की फक्त तिची सही. अल्पवयीन असेल किंवा मनानं आजारी असेल तर पालकाची. नवऱ्याची कधीच नव्हती. कायदा एकाहत्तर सालचा आहे. अलीकडे दुरुस्ती झाली, ती तर बाईला सोयीचीच. साधन फसून दिवस राहिले हेही कारण चालतं, मग लग्न झालेलं असो की नसो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं."

सिस्टर मला म्हणाल्या, "मामा, कायदा माह्यापेक्षा वयानं मोठा निघाला, आणि मी अठरा वर्षं त्याच्या नावानं खोटं बोलत राह्यले." मनकर्णाबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मंगळवारी संध्याकाळच्या एसटीनं उतरल्या त्या घरी न जाता थेट दवाखान्यात आल्या. मी ओपीडीला कुलूप लावत होतो.

"मामा, तुमची गाडी चालू हाय का?"

"काऊन?"

"सकाळी सातले निघू. ती शुक्रवारची पोरगी. कोणतं गाव ते तुमाले माहीत हाय."

आता अडचण अशी, की दवाखान्याची सिस्टर अशी कोणाच्या दारात उभी राहिली तर गावाला वास लागणार. आणि ही गोष्ट गुप्त ठेवायची, हाही कायदाच. तेव्हा सिस्टरनी लसीचा निळा डबा गळ्यात अडकवला. आत बर्फसुद्धा नव्हता. धाकट्या मुलीचा डोस राहिला आहे, असं सांगायचं ठरलं. अठरा वर्षांत सिस्टर खोटं बोलायची तयारी करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. रस्ताभर पाठ करत होत्या.

दारात पुष्पांजलीची सासू गोजरबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"आजी, नातीचा डोस राह्यला."

गोजरबाईनं शेंग टाकली. "डोस मागच्या महिन्यात झाला. पोरगी तीन दिवस तापली होती."

"हा दुसरा हाय. त्याच्यावरचा."

"सिस्टर, मी आंगठाबहाद्दर हाय, आंधळी नाई. सून सकाळी ओकते, संध्याकाळी रडते. तुमी डबा घेऊन येता आणि डब्याले घामबी नाई फुटला. आत या, उन्हात काऊन उभ्या?"

आम्ही आत गेलो. पुष्पांजली चुलीपाशी होती. सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि हळू विचारलं, "फाट्यावर गेली होती?"

लुगड्याच्या कोपऱ्याची गाठ सोडून तिनं कागदाची पुडी काढली. आत पाच-सहा गोळ्या, वेगवेगळ्या रंगांच्या, नाव नाही, गाव नाही. "आज घेणार होते," म्हणाली.

सिस्टरनी पुडी घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी तुले जे सांगतलं ते चूक होतं. तुह्या एकटीच्या सहीनं होते. मले माहीत नव्हतं. उद्या ये." इतकं सरळ. मी पाहत राहिलो. इतक्या वर्षांत मोठमोठे साहेब पाहिले, पण आपली चूक सांगायला अकरा किलोमीटर गाडीवर येणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मला वाटलं, आता सासू कडाडणार. दोन नाती, नातू नाही. गोजरबाई म्हणाली, "मले नातू नको का? पाह्यजे. खोटं काऊन बोलू? पण हिचं दुसरं बाळंतपण म्या पाह्यलं हाय. अकोल्याले नेईपरयंत रगत थांबलं नाई. नातू घेऊन काय करू, हिच्या फोटोले हार घालाले पाठवू त्याले?" मग सुनेकडे पाहून म्हणाली, "आणि तू मले काऊन नाई सांगतलं वं? मी काय वाघीण हाय?"

"हाव," पुष्पांजली म्हणाली, आणि तिघीही हसल्या.

गुरुवारी सकाळी दोघी आल्या. आता राहिले डॉक्टर. डॉ. वायाळ चिखलीकडचे, वय बत्तीस-तेहतीस, स्त्रीरोगाचा डिप्लोमा झालेले. हात हुशार आणि स्वभाव भित्रा. पेशंटशी कधी वाकडं बोलले नाहीत, पण कागद दिसला की घाबरायचे. त्यांनी केसपेपर पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, दोन मुली आहेत. तिसऱ्या वेळी खाली करायला आली. लोक काय समजतील? उद्या कोणी तक्रार ठोकली, की इथं मुलगी पाहून पाडतात, तर मी कुठं तोंड दाखवू?"

"सर, आठ आठवडे झाले. आठ आठवड्यांत मुलगा-मुलगी कळते का?"

"नाही कळत."

"मंग पाहून पाडते म्हणणाऱ्याले काय कळते?"

डॉक्टरनी पेनचं टोपण उघडलं आणि परत लावलं. मग हळू म्हणाले, "तसं नाही हो. शिकताना आम्हाला हे सगळं शिकवलं. पण इथं आल्यावर रोज त्या भिंतीखालून येतो. आणि खरं सांगू? मी ही कामं करतो हे मी अजून आईला सांगितलेलं नाही. तिला पाप वाटतं. कधी कधी मलाही नीट वाटत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "मले तरी कोठी चांगलं वाटते सर? आजबी वाटत नाई. पण माह्या वाटण्यानं तिचा जीव वाचत नाई. तुमाले खरंच मनातून जमत नसन तर आत्ता सांगा, मी तिले आजच बुलडाण्याले घेऊन जातो. फक्त कायदा नाई म्हणून परत पाठवू नका."

डॉक्टरनी कपाळ चोळलं. "मनाचं मी पाहीन. पण सही? फॉर्मवर नवऱ्याची सही लागते."

तेव्हा सिस्टरनी प्रशिक्षणातला कोरा फॉर्म आणि आमचा फॉर्म टेबलावर शेजारी ठेवले. डॉक्टरनी हा पाहिला, तो पाहिला. "हा नवीन आलेला दिसतो."

"जुनाबी असाच हाय सर. एकाहत्तरपासून."

"मग ही ओळ कोणी घातली?"

मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. डॉक्टर फॉर्म डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "हे छापील नाही. हे कोणाच्या तरी हाताचं आहे." मग त्यांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. 'चपला बाहेर काढाव्या.' ती पाटी माझ्या अक्षरातली. पुन्हा फॉर्मवर. पुन्हा पाटीवर.

"मामा?"

मला तेव्हा आठवलं. आईशपथ सांगतो, त्या क्षणापर्यंत मी साफ विसरलो होतो. अठरा-एकोणीस वर्षांमागे, सिस्टर रुजू व्हायच्या थोडं आधी, एक नवरा दारू पिऊन आला होता, 'मले न विचारता काऊन केलं' म्हणत त्यानं खुर्ची फोडली. तेव्हाचे डॉक्टर आता हयात नाहीत, ते वैतागून म्हणाले, "पंजाबराव, यापुढे नवऱ्याचीही सही घेत जा. खाली एक ओळ लिहून टाक, माझं अक्षर कोणाला लागत नाही." मी सातवी शिकलेला, पण अक्षर गुरुजींनी छडी मारून वळवलेलं. लिहिली ओळ, पट्टीनं रेघही आखली. तो फॉर्म झेरॉक्सला गेला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. डॉक्टर बदलले, क्लार्क बदलले, ओळ तशीच राहिली. जो येई त्याला वाटे, सरकारनं छापली.

"मीच लिहिली साहेब," मी म्हणालो. "इतके दिवस सरकार मीच होतो."

डॉक्टर आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर नाही हसल्या. त्या माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "लिहिली तुमी. मागितली म्या." आणि ते खरंच होतं. मी मान खाली घातली.

बाहेर बाकावर गोजरबाईला आतला आवाज ऐकू गेला असावा. ती सरळ आत आली. "काय अडलं? सही पाह्यजे ना? घ्या माहा आंगठा. तिच्या नवऱ्याले मीच जल्म देल्ला, माहा आंगठा त्याच्या सहीच्या वरचा हाय."

"आजी, कोणाचाच नको," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "सुनेला बोलवा."

त्यांनी पुष्पांजलीला तपासलं, सोनोग्राफी पाहिली, मागच्या वेळच्या रक्तस्रावाचं सगळं विचारलं, रक्त तपासायला पाठवलं. मग स्वतः वाचून दाखवलं, काय होईल, किती दुखेल, किती रक्त गेलं तर धावत यायचं. शेवटी विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना? कोणी जोर तर नाही केला?"

"माहीच हाय," ती म्हणाली. "सही इंग्रजीत करू का मराठीत?"

"जशी येते तशी करा."

तिनं मराठीत केली. सिस्टरनी तिचं नाव कपाटातल्या नोंदवहीत लिहिलं आणि किल्ली पदराला बांधली. पहिली गोळी समोर घ्यायला लावली. शनिवारी बाकीच्या गोळ्या; त्या दिवशी तिला संध्याकाळपर्यंत वॉर्डात ठेवून घेतलं. पोटात कळा येत होत्या, सिस्टर गरम पाण्याची पिशवी घेऊन ये-जा करत होत्या. बाहेर गोजरबाईचं भलतंच चाललेलं. जो विचारी त्याला वेगळा आजार. एकाला म्हणे दाढ दुखते, दुसऱ्याला म्हणे मूतखडा, तिसऱ्याला कावीळ. शेवटी एक बाई काविळीवरचं मुळीचं औषध घेऊनच आली. गोजरबाईनं ते गपचूप स्वतःच खाल्लं. म्हणे, "वाया काऊन जाऊ देऊ?"

चारच्या सुमाराला सिस्टर बाहेर आल्या. "झालं. ठीक हाय ती. च्या पाजा तिले." आणि कडुनिंबाखाली जाऊन पाच मिनिटं एकट्याच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पेंटरच्या नंबरवर फोन लावून त्याला बोलावून घेतलं. पेंटर म्हणाला, खिडकी आड येते. डॉक्टर म्हणाले, खिडकीवर लिही, पण पूर्ण लिही.

पंधराव्या दिवशी पुष्पांजली सासूला घेऊन तपासणीला आली. सगळं स्वच्छ, पोट मोकळं, रक्तही ठीक. सिस्टर तिला पुढच्या साधनाचं समजावत होत्या. तांबी पुन्हा बसवायची की गोळ्या की आणखी काही. ती म्हणाली, "तांबीचं नाव नका घेऊ." तितक्यात दारात एक उंच गडी उभा राहिला. खांद्यावर पिशवी, केसांत गव्हाचा भुसा, डोळे जागरणानं लाल. कारभारी. मालकाशी भांडून आठ दिवस आधीच आला होता, आणि घरी न जाता थेट बसस्टँडवरून इथं.

आम्ही सगळे सावध झालो. मी तर खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली. अनुभव माणसाला शहाणा करतो.

कारभारी म्हणाला, "सिस्टर, सही कोठी कराची?"

"कायची?"

"हिनं सांगतलं होतं ना, नवऱ्याची सही लागते म्हणून. मंग फोनवर म्हणे काम झालं. म्या म्हटलं, काम झालं त सही बाकी राह्यली असन. उद्या हिले तरास नको."

सिस्टरनी हातातला केसपेपर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुही सही लागत नाई दादा. ते आमचंच चुकलं होतं."

"काऊन? नवरा होय ना मी."

"होय ना. पण पोट तिचं."

कारभारी ओशाळला. इतक्या लांबून आला आणि सहीच नाही. सिस्टरनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग खण उघडून दुसराच एक कागद काढला. "पण आलाच हायेस रिकामा, त हा पाह्य. याच्यावर तुहीच लागते. बायकोची लागत नाई, मायचीबी लागत नाई. गुरुवारी शिबिर हाय, बिनटाक्याचं."

त्यानं वाचलं. पुरुष नसबंदी. कान लाल झाले. त्यानं बायकोकडे पाहिलं; ती पदरात हसत होती. मग मायकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यतं बे?" गोजरबाई म्हणाली. "तिनं दोनदा पोट फाडून घेतलं. तुले एक सुई भारी झाली का?"

"दुखते का सिस्टर?"

"मुंगी चावल्यावानी."

"हार्वेस्टर चालवता येते?"

"आठ दिवसांनी."

"अंगातली ताकद?"

"जशी हाय तशी राह्यते. जास्त होत नाई, तेवढं सांगून ठेवतो."

तो बाकावर जाऊन बसला. पुष्पांजलीनं त्याला कँटीनमधून चहा आणून दिला, शेजारी बसली. काय बोलले ते मी ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, हे कबूल करतो. चहा संपल्यावर कारभारी उठून माझ्याकडे आला.

"मामा, पेन द्या."

त्यानं कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हार्वेस्टरचं स्टिअरिंग धरावं तसं पेन धरलं आणि सही ठोकली. अशी दांडगी, की चौकटीतून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेली. सिस्टरनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "चालते."